खोड जित्याची की जागेची?

"कायदे बदलून काही होत नाही, आधी माणूस बदलला पाहिजे." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, बहुतेकांनी कधी ना कधी म्हटलेलंही आहे. मीही म्हटलं आहे. याच अर्थाचा एक मजकूर पुन्हा पुन्हा हातोहात फिरत असतो. त्याचा सारांश असा: काही समाज श्रीमंत का आणि काही गरीब का, काही ठिकाणी लोक एकमेकांच्या शब्दावर व्यवहार करतात आणि काही ठिकाणी जो तो दुसऱ्याला टांग मारायला टपलेला का, याचं उत्तर नियम, न्यायालयं, मालकीहक्क, करार यांत शोधू नका. ते माणसांच्या वृत्तीत आहे. माणूस मुळात स्वार्थी. प्रामाणिकपणा रक्तात असावा लागतो. गरीब समाजांना कष्टाची सवय नसते. सामायिक मालकीची वस्तू वाटोळ्यालाच जाते. लोकांना वठणीवर आणायचं तर जबर दंड हवा. आणि शेवटी, व्यवस्था म्हणजे तरी कोण? आपणच. तेव्हा सुरुवात स्वतःपासून करा. वर एक म्हण जोडलेली: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातली जवळजवळ सगळी विधानं कुणी ना कुणी तपासून पाहिलेली आहेत, आणि तपासात ती टिकलेली नाहीत. म्हणून एकेक घेते.

"माणूस मुळात स्वार्थी असतो."

हे तपासण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ एक साधा खेळ खेळवतात. एकमेकांना न ओळखणारी चार माणसं. प्रत्येकाकडे २० गुण. खेळ संपला की त्या गुणांचे खरे पैसे मिळणार. यातले किती स्वतःजवळ ठेवायचे आणि किती सामायिक भांड्यात टाकायचे, हे ज्याचं त्याने गुपचूप ठरवायचं. भांड्यात पडलेल्या प्रत्येक गुणामागे चौघांनाही ०.४ गुण मिळतात, टाकणारा कुणीही असो. म्हणजे एक गुण टाकला की चौघांचे मिळून १.६ होतात, पण टाकणाऱ्याच्या हातात ०.४ च परत येतात. चौघांनी सगळं टाकलं तर प्रत्येकी ३२. कुणीच काही टाकलं नाही तर प्रत्येकी २०. तिघांनी सगळं टाकलं आणि चौथ्याने काहीच नाही, तर त्या फुकट्याला ४४ आणि तिघांना २४-२४. हे आकडे जरा थांबून पाहा. पाणीवाटपापासून करभरणीपर्यंत सहकार्याचा प्रत्येक पेच यांत आहे: सगळ्यांनी केलं तर सगळ्यांचं भलं, आणि तरीही प्रत्येकाला वाटतं की आपण एकट्याने अंग काढून घेतलं तर आपलं जास्त भलं.

माणूस मुळातच स्वार्थी असता तर पहिल्या फेरीपासून भांडं रिकामं राहिलं असतं. तसं होत नाही. पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मे गुण टाकतात. मग फेरीगणिक आकडा घसरत जातो आणि दहाव्या फेरीपर्यंत भांड्यात फारसं काही पडेनासं होतं.

इथे कुणी म्हणेल, "बघा, खरा स्वभाव बाहेर आलाच." पण उर्स फिशबाकर, सिमॉन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. बाकीच्यांनी सरासरी एक गुण टाकला तर तुम्ही किती टाकाल? दहा टाकले तर? वीस टाकले तर? जवळपास निम्म्या लोकांची उत्तरं बाकीच्यांच्या आकड्याबरोबर चढत गेली. ते टाकतील तर मीही टाकेन, असा त्यांचा हिशेब होता. बाकीच्यांनी काहीही केलं तरी मी शून्यच टाकणार, असं म्हणणारे साधारण ३० टक्के निघाले.

मग ती घसरण कसली? विश्वासाने टाकणाऱ्याला दिसतं की कुणीतरी हात आखडता घेतोय. त्याला ते खुपतं. पण खेळात त्याच्या हाती एकच गोष्ट आहे, स्वतःचाही हात आखडता घेणं. त्याने फुकट्याला धडा मिळतो तसा प्रामाणिक माणसालाही फटका बसतो, मग तोही मागे सरतो. भांडं रिकामं होतं ते बहुसंख्य लोक लबाड असल्यामुळे होत नाही. लबाडी दिसली तर करायचं काय, याची सोयच त्या खेळात नसते.

ती सोय दिली तर? फेर आणि गेख्टर यांनी २००० सालच्या प्रयोगात दिली. प्रत्येक फेरीनंतर कुणी किती टाकलं ते सगळ्यांना दिसणार, आणि स्वतःच्या खिशातून थोडे गुण खर्चून दुसऱ्याचे गुण कापता येणार. माणसं तीच, बैठक तीच, दहा फेऱ्या जुन्या नियमाने आणि दहा नव्या. नियम बदलताच वर्गणी एकदम वर उडाली. चौकडी कायम राहिली तिथे ती जवळपास पूर्ण २० पर्यंत पोचली. दहा मिनिटांपूर्वी ज्यांना आपण स्वार्थी म्हणत होतो तेच हे लोक. त्यांच्यावर मधल्या वेळात कुणी संस्कार केले नव्हते.

याहून मला चटका लावून गेलेला प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातला आहे. विद्यार्थ्यांना दोघा-दोघांत एक खेळ खेळायला दिला: सहकार्य करा किंवा समोरच्याला फसवा. आधी त्यांच्या वसतिगृहातल्या, त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना विचारून ठेवलं होतं की यातले कोण सहकार्य करतील आणि कोण दगा देतील. खेळ एकच, पण अर्ध्यांना त्याचं नाव "कम्युनिटी गेम" (समुदायाचा खेळ) सांगितलं आणि अर्ध्यांना "वॉल स्ट्रीट गेम" (शेअरबाजाराचा खेळ). पहिल्या गटात सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी सहकार्य केलं, दुसऱ्यात सुमारे एक तृतीयांश. आणि ओळखीच्यांनी बांधलेल्या अंदाजांचा निकालाशी काही संबंधच लागला नाही. 'मनमिळाऊ' आणि 'आपमतलबी' ठरवलेले सारखेच वागले. ही जागा कशी आहे आणि समोरचा काय करेल, एवढं त्या नावाने सांगितलं. रोज ज्यांच्यासोबत राहतो त्यांच्या स्वभावावरून आपण जे सांगू शकत नाही, ते एका पाटीवरून सांगता येत होतं.

"प्रामाणिकपणा रक्तात असावा लागतो."

यासाठी मजकुरात जे उदाहरण दिलेलं असतं ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी जगभरातले राजनैतिक अधिकारी राहतात. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या काळात त्यांनी न भरलेल्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या आणि थकलेली रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे. अर्थतज्ज्ञ रे फिस्मन आणि एडवर्ड मिगेल यांनी देशवार हिशेब मांडला, तेव्हा स्वीडन, नॉर्वे, जपान, कॅनडा यांच्या नावावर शून्य थकबाकी, आणि जिथे भ्रष्टाचार जास्त समजला जातो अशा देशांच्या अधिकाऱ्यांची थकबाकी जास्त दिसली. शहर एकच, रस्ते तेच, धाक कुणालाच नाही, तरी फरक आहे. तेव्हा माणूस आपल्यासोबत काहीतरी घेऊन येतो, हे मला मान्यच करावं लागेल आणि मी करते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २००२ च्या ऑक्टोबरात शहराला अधिकार मिळाला: थकबाकीदारांच्या गाड्या उचलून न्या, त्यांचे पार्किंगचे परवाने रद्द करा, आणि थकलेली रक्कम दंडासकट त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून कापून घ्या. न भरलेल्या पावत्यांचं प्रमाण जवळपास ९८ टक्क्यांनी घटलं. तेच देश, तेच दूतावास. रक्तात होतं म्हणावं तर ते ऑक्टोबरात कुठे गेलं? संस्कृतीचा फरक खरा होता, पण तो दिसला धाक शून्य असताना. एक साधा, अंमलात येणारा नियम आल्यावर त्या फरकाला वावच फार थोडा उरला.

"गरीब समाजांना कष्टाची सवय नसते."

या विधानाचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. गरिबीचं ओझं वाहणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारं हे वाक्य आहे.

चीनच्या आन्हुई प्रांतात फेंगयांग तालुक्यात शियाओगांग नावाचं खेडं आहे. १९७८ पर्यंत तिथली जमीन सामुदायिक होती. शेतावर हजर राहिलं की कामाचे गुण लागत, पीक चांगलं आलं काय नि वाईट आलं काय, वाट्यात फरक नगण्य. बाहेरून पाहणाऱ्याला हे लोक आळशीच वाटले असते: कामावर उशिरा येणारे, हात चालल्याचं नुसतं दाखवणारे. त्या वर्षी प्रांतात कडक दुष्काळ होता. वर्षअखेरीस गावातल्या १८ घरांचे प्रतिनिधी एका मातीच्या घरात रात्री गुपचूप जमले आणि त्यांनी एक कागद केला. जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा ठरलेला वाटा आधी भरायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. हे तेव्हा बेकायदा होतं. म्हणून कागदावर आणखी एक कलम होतं: गावातल्या पुढाऱ्यांना यापायी तुरुंग झाला किंवा जीव गेला, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली अंगठे आणि शिक्के.

पुढच्या हंगामात धान्याचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. जमीन तीच आणि माणसंही तीच. पुढे हीच पद्धत 'कुटुंब जबाबदारी' या नावाने सरकारने स्वीकारली आणि १९८३ अखेर जवळजवळ सगळ्या देशभर ती लागू झाली. अर्थतज्ज्ञ जस्टिन यिफू लिन यांच्या हिशेबानुसार १९७८ ते १९८४ मधल्या पीकवाढीतला जवळपास निम्मा भाग या एका बदलामुळे आला. बाकी वाट्यात सरकारने वाढवलेले खरेदीभाव आणि खतांसारखी कारणं होती, तेव्हा सगळं श्रेय एका कागदाला देणं चुकीचं.

माझं मन मात्र उत्पादनापेक्षा त्या मुलांच्या कलमाशी अडतं. वाटणी करून आपापलं पाहायला निघालेली ही माणसं दुसऱ्याची मुलं वाढवायचं वचन देत होती, तेही सरकारच्या विरोधात जाऊन. सहकार्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती असं कसं म्हणायचं? वर्षानुवर्षं सामुदायिक शेतीत जी दिसली नाही, ती एका रात्रीत कागदावर उतरली, कारण या वेळी काय करायचं, कुणी करायचं आणि बदल्यात काय, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

"सगळ्यांचं ते कुणाचंच नाही."

पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली 'सायन्स' नियतकालिकात हे चित्र रंगवलं: सामायिक कुरण, प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कुरण उजाड होतं. म्हणून एक तर सरकारने ताब्यात घ्या, नाहीतर खासगी करा. चित्र प्रभावी आहे, पण ते असल्या कुरणाचं आहे जिथे कुणी कुणाशी बोलतच नाही.

खऱ्या कुरणांवर लोक बोलतात. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या टॉर्बेल या गावाचे सामायिक कुरणाबद्दलचे कागद १४८३ पासूनचे आहेत. १५१७ चा एक नियम असा: ज्याला जितक्या गायी हिवाळाभर पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात डोंगरावर चढवायच्या. हा नियम मी जितक्या वेळा वाचते तितका तो मला शहाणा वाटतो. हिवाळ्यात गाय पोसायची तर चारा स्वतःच्या जमिनीतून काढावा लागतो, म्हणजे कुरणावरचा बोजा आपोआप प्रत्येकाच्या खासगी जमिनीशी बांधला गेला. मोजायला सोपा, कारण कुणाच्या गोठ्यात किती गायी आहेत हे हिवाळाभर शेजाऱ्याला दिसतं. डोंगरावर गेल्यावर गायी पुन्हा मोजल्या जात, कारण हंगामाच्या शेवटी चीजची वाटणी त्या आकड्यावर होत असे. मोजणी चुकवून कुणाचाच फायदा नाही. शिवाय नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या गावकामगाराला त्यातला अर्धा वाटा मिळे.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटपाण्याचे तंटे सोडवणारं न्यायालय दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर बसतं. न्यायाधीश म्हणजे पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. कामकाज तोंडी, वकील नाहीत, आणि तंटा ज्या पाटावरचा त्याचा प्रतिनिधी त्या निकालात भाग घेत नाही. ही पद्धत शतकानुशतकं चालू आहे. २००९ साली युनेस्कोने तिची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आयुष्यभर त्यांनी अशाच जागा अभ्यासल्या: कुरणं, पाट, जंगलं, मासेमारीचं पाणी. सगळ्याच तगल्या असं त्या म्हणाल्या नाहीत, मोडलेल्याही त्यांनी तितक्याच काळजीने नोंदवल्या. पण तगलेल्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. हक्कदार कोण याची हद्द स्पष्ट. नियम तिथल्या परिस्थितीला जुळणारे आणि वापरणाऱ्यांनीच ठरवलेले. देखरेख करणारे वापरणाऱ्यांतलेच किंवा त्यांना जबाबदार. तंटा सोडवायला जवळची, स्वस्त जागा. उलट, सरकारच्या हाती दिलं की वाचतं असंही नाही. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं व्यवस्थापन कॅनडा सरकारकडे होतं, आणि तरी १९९२ साली साठा इतका खालावला की मासेमारीच बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचं पोट एका घोषणेने तुटलं.

"जबर दंड करा, लोक सरळ होतील."

आधीचे दाखले वाचून कुणी म्हणेल, तुम्हीही दंडाचीच बाजू घेताय. नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी पाहणी केली. काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांत उशिराबद्दल दंड लावला. उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आधी शिक्षिका आपल्यापायी खोळंबल्या आहेत याची लाज वाटे. दंड आल्यावर तो जादा वेळेचा मोबदला झाला, आणि मोबदला दिल्यावर लाज कसली? पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा गेली ती परत आली नाही.

जबर शिक्षा तर आणखी कठीण. ऑस्ट्रॉम यांच्या टिकलेल्या जागांत पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असे, चूक पुन्हा पुन्हा झाली तरच ती वाढत जाई. संकटात सापडून एकदा चुकणाऱ्याला समाजाबाहेर फेकलं जात नसे, आणि बाकीच्यांना मात्र कळत असे की कुणाचं तरी लक्ष आहे. शिक्षा कुणाच्या हाती आहे, हेही पाहावं लागतं. बेनेडिक्ट हेरमान, क्रिश्चियन थ्योनी आणि गेख्टर यांनी वर सांगितलेला भांड्याचा खेळ जगातल्या १६ ठिकाणी खेळवला, तेव्हा काही शहरांत लोकांनी शिक्षेचा अधिकार चक्क जास्त टाकणाऱ्यांवर वापरला आणि सहकार्य वाढलंच नाही. जिथे लोकांचा कायद्यावर विश्वास कमी, तिथे हे जास्त दिसलं. कुंपणच शेत खात असेल तर ते उंच करून काय उपयोग?

"व्यवस्था म्हणजे आपणच. सुरुवात स्वतःपासून."

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. संस्था आभाळातून पडत नाहीत, आणि वृत्तीची मुळं खोल असतात. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडच्या लोकांच्या सरकारकडून असलेल्या अपेक्षा पश्चिमेकडच्यांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या, आणि अल्बेर्तो अलेसिना व निकोला फुक्स-श्युन्डेल्न यांच्या अंदाजानुसार हा फरक मिटायला एक-दोन पिढ्या लागतील. पण ही वृत्ती आली कुठून? १९४९ पूर्वी तो एकच देश होता. पूर्वेत चाळीस वर्षं चाललेल्या साम्यवादी व्यवस्थेने ती घडवली. मजकूर म्हणतो वृत्तीतून व्यवस्था येते; इथे तर व्यवस्थेतून वृत्ती आलेली दिसते, आणि ती व्यवस्था गेल्यावरही मागे राहिलेली.

"स्वतःपासून" या शब्दाकडेही जरा बघू. भांड्याच्या खेळात तुम्ही एकट्याने सुरुवात केलीत, सगळे २० टाकलेत आणि बाकी तिघांनी काहीच नाही, तर तुमच्या हाती ८ उरतात आणि त्या तिघांकडे २८-२८. चांगल्या माणसाला हे पुन्हा पुन्हा करायला सांगणं म्हणजे त्याला थकवणं. काही फेऱ्यांनी तोही थांबतो, आणि मग आपण त्याच्याकडे बोट दाखवतो की बघा, हाही तसलाच निघाला.

सुरुवात दुसऱ्या तऱ्हेनेही करता येते. ओझ्गुर ग्युरेर्क, बेर्न्ड इर्लेनबुश आणि बेटिना रॉकेनबाख यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दर फेरीला गट निवडायची मुभा होती: एका गटात दंड-बक्षिसाची सोय, दुसऱ्यात काहीच नाही. खेळ ३० फेऱ्यांचा. सुरुवातीला सुमारे एक तृतीयांश लोकच नियमांच्या गटात गेले, बाकीच्यांनी मोकळा गट पसंत केला. मोकळ्या गटातलं भांडं ओस पडत गेलं, तसे लोक इकडे येऊ लागले. काल काहीच न टाकणारे आज आल्या आल्या भरभरून टाकू लागले. तिसाव्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळे नियमांच्या गटात होते, भांडं जवळपास पूर्ण भरत होतं, आणि दंड करायची वेळ क्वचितच येत होती.